पेडल काय सांगतंय? जुन्या गाडीचा ढिला ब्रेक

आज फक्त ब्रेक. आणि तेही जुन्या गाडीचे: चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, एबीएस तर सोडाच. तुमचा पाय, एक लांब दांडा आणि पाइपातलं ऑइल, संपलं.

गेल्या महिन्यात नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आजोबांची १९६९ ची फियाट, ११०० डिलाइट. म्हणजे पुढे जिला आपण पद्मिनी म्हणायला लागलो तीच गाडी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनायला लागलेली. बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. या पोराने इंजिन चालू केलं, कार्ब्युरेटर साफ केला, टायर घातले. ब्रेक मात्र लागेना. एका गॅरेजमध्ये मास्टर सिलेंडर बदलून दिला, फरक नाही. तोच पुन्हा बदलला, तरी फरक नाही. आता गॅरेजवाले म्हणतात, ‘जुन्या गाडीला एवढाच ब्रेक असतो, दोनदा पंप मारायचा.’ आणि याचा बेत काय, तर गाडी कसारा घाटाने मुंबईला न्यायची!

तर पहिलं उत्तर हेच, की नाही, ‘एवढाच’ नसतो. ड्रम ब्रेक नीट सेट केलेला असेल तर पहिल्याच दाबाला, वरच्या वर लागतो. याच गाड्यांनी मुंबईत टॅक्सी म्हणून दिवसभर ब्रेक मारत आयुष्य काढलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मला वाटतं गाडीबरोबर रोज या ब्रेकचं सेटिंग करणारे हातही हळूहळू कमी होतायत. आताच्या मेकॅनिकला डिस्क ब्रेक माहीत असतो, तो आपलं आपण अंतर धरतो. जुना ड्रम ब्रेक तसं करत नाही. त्याला माणूस लागतो.

आणि दुसरं म्हणजे, पार्ट बदलायच्या आधी पेडल काय सांगतंय ते समजून घ्या. गाडी उभी, इंजिन बंद, तुम्ही सीटवर. अर्ध्याहून जास्त निदान इथेच होतं, एक रुपया खर्च न करता.

आधी थोडं आत काय चाललंय ते बघू, मग पायाला अर्थ लागेल. पूर्वी ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढायचे. चारही चाकांना सारखा ताण देणं म्हणजे कसरत. माल्कम लॉकहीड नावाचा माणूस, जो आधी भावाबरोबर विमानं बनवायचा, त्याने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत तो चारही चाकांना आला. कल्पना शाळेतलीच, पास्कलचा नियम: बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो.

आता आकडे घेऊ. हे उदाहरणाचे आहेत हां, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमध्ये बघा. समजा तुम्ही पायाने २० किलोचा जोर दिला. पेडलचा दांडा तो पाचपट करतो, म्हणजे १०० किलो. मास्टर सिलेंडरचा व्यास १९ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं तोंड साधारण २.८ चौरस सेंटिमीटर. दाब झाला साधारण ३५ किलो दर चौरस सेंटिमीटरला. हा दाब चाकातल्या २२ मिलिमीटरच्या पिस्टनवर आला की प्रत्येक पिस्टन १३० किलोच्या वर ढकलतो. असे आठ पिस्टन, एका चाकात दोन. म्हणजे जोर भरपूर आहे. बूस्टरची गरजच नाही.

मग गडबड कुठे होते? जोरात नाही, अंतरात. हे नीट ऐका, कारण आजच्या भागाचा जीव इथे आहे. समजा लायनर झिजला आणि प्रत्येक पिस्टनला ड्रमपर्यंत पोचायला १ मिलिमीटर जास्त जावं लागतंय. एका पिस्टनला लागलं ०.३८ मिलिलिटर ऑइल. आठ पिस्टनना ३ मिलिलिटर. एक चमचासुद्धा नाही. पण ते ३ मिलिलिटर द्यायला मास्टर सिलेंडरचा पिस्टन ११ मिलिमीटर पुढे जायला हवा, आणि दांडा पाचपट असल्यामुळे तुमचा पाय जातो साडेपाच सेंटिमीटर खाली! एक मिलिमीटरची झीज, साडेपाच सेंटिमीटर पेडल. आता सांगा, मास्टर सिलेंडर दहा वेळा नवीन टाकला तरी काय होणार?

म्हणून पहिली परीक्षा. पेडल एकदा सावकाश दाबा आणि लक्षात ठेवा कुठे अडलं. सोडा, आणि लगेच दोन-तीनदा भराभर दाबा. पेडल वर आलं? आणि वर आल्यावर दगडासारखं कडक लागतंय? मग बहुतेक वेळा दोष लायनर आणि ड्रममधल्या अंतराचा. भराभर दाबल्यावर काय होतं, तर स्प्रिंगनी लायनर पूर्ण मागे ओढायच्या आत टाकीतलं जादा ऑइल पुढे ढकललं जातं. तेवढ्यापुरती ती पोकळी भरते. ‘पंप मारल्यावर ब्रेक लागतो’ म्हणतात ते हेच.

वर आलं, पण पायाखाली स्पंज दाबल्यासारखं, लवचिक? मग लाइनमध्ये हवा आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुमचा जोर तो बुडबुडा आवळण्यात जातो. किंवा रबरी होज पाइप जुना होऊन फुगतोय. दुसऱ्या माणसाला होजवर हात ठेवायला सांगा आणि पेडल दाबा, फुगवटा हाताला कळतो.

तिसरी तऱ्हा. पेडल दाबलं, अडलं, पण पाय तसाच ठेवला की मिनिटभरात हळूहळू खाली खाली जातंय. हे धोक्याचं. कुठूनतरी ऑइल निसटतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला बघा, पाइपांचे जोड बघा, मास्टर सिलेंडरच्या मागे जिथे दांडा आत जातो तिथे बोट फिरवा. सगळं कोरडं आणि टाकीतलं ऑइलही कमी होत नाही? तेव्हा मात्र मास्टर सिलेंडर. आतला रबरी वॉशर, ज्याला आपल्याकडे बकेट म्हणतात, तो दाब धरत नाही आणि ऑइल त्याच्या कडेने मागे येतं. इथे एक गंमत आहे. जोरात दाबल्यावर बकेटची कड पसरून कधीकधी ठीक धरते, आणि हलक्या पायाने दाबलं तर बुडते. म्हणून ही परीक्षा हलक्या पायानेही करा. सिग्नलला उभं राहिल्यावर पेडल बुडणारी गाडी हीच.

आणि चौथी. पेडल वर, कडक, एकदम छान. पण गाडी थांबत नाही. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण पायाला सगळं ठीक वाटतं. म्हणजे दाब पोचतोय, पण घर्षण होत नाही. एकतर लायनरला तेल लागलंय, किंवा तो घासून काचेसारखा गुळगुळीत झालाय. किंवा व्हील सिलेंडरचे पिस्टन गंजून बसलेत, हलतच नाहीत. बारा वर्षं उभी असलेली गाडी, त्यात आपला पावसाळा, लोखंडी सिलेंडर. गंजणारच. पिस्टन हलत नाही म्हणून ऑइलही जात नाही, म्हणून पेडल कडक. त्या कडकपणावर खूश होऊ नका.

आता नाशिककरांकडे येऊ. त्यांचं पेडल पहिल्या दाबाला तळाला, तिसऱ्याला वर आणि कडक. मी त्यांना मेसेज करून एकच गोष्ट करायला सांगितली, आणि ही परीक्षा प्रत्येक ड्रमवाल्याने शिकून घ्यावी. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर. चाकांना दगड लावा. जॅकवर उचला, पण जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, घोड्या लावा. हँडब्रेक सोडा. मग प्रत्येक चाकाच्या मागच्या पत्र्यावर सेटिंगचा बोल्ट असतो, काही गाड्यांत खाचेतून फिरवायचं दातेरी चाक असतं. ते घट्ट करत जा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. चारही चाकं अशी जाम करा. मुद्दाम.

आणि आता पेडल दाबा.

बघा काय केलंत तुम्ही. लायनर ड्रमला टेकलेलेच आहेत, म्हणजे अंतराचा प्रश्न गणितातून काढून टाकला. आता पेडल वर आणि कडक असेल, तर मास्टर सिलेंडर ठीक, पाइप ठीक, हवा नाही, दोष फक्त सेटिंगचा. तरीही स्पंजसारखं असेल, तर हवा किंवा होज. आणि तरीही बुडत असेल तर गळती किंवा बकेट. एका पान्याने दोष दोन हिश्श्यांत वाटून टाकला: चाकाच्या बाजूचा की ऑइलच्या बाजूचा.

त्यांचं पेडल चाकं जाम केल्यावर एका इंचात अडलं. कडक. म्हणजे दोन मास्टर सिलेंडरचे पैसे गेले आणि दोष होता आठ लायनरच्या सेटिंगमध्ये. मग बोल्ट थोडे थोडे मागे घेतले, चाक फिरेल, फिरताना अगदी बारीक घासल्याचा आवाज येईल आणि हात काढला तरी दोन फेरे फिरेल इतके. मध्येच पेडल दोन-तीनदा दाबायचं, लायनर आपल्या जागी बसतात, आणि परत एकदा बघायचं. हे काम घाईचं नाही. एका चाकाला पहिल्यांदा अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

पण पुढचं डावं चाक काही मोकळं होईना. ब्रेक दाबून सोडला की ते घट्टच. इथे लोक व्हील सिलेंडरला दोष देतात, तो असूही शकतो. पण आधी ब्लीडरचा निप्पल थोडा उघडा. थोडं ऑइल चिळकांडीसारखं उडून चाक लगेच मोकळं झालं, तर ऑइल पलीकडे अडकून बसलं होतं. कारण होज. जुना होज बाहेरून अगदी चांगला दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येऊ शकत नाही. गाडी चालवताना अशी गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते, आणि थोडं फिरून आलात की त्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागते. हात लावू नका, नुसता जवळ न्या. त्यांचा होज असाच निघाला. मी तर म्हणेन गाडी दहा वर्षं उभी असेल तर तिन्ही-चारही होज न बघता बदला. ब्रेकच्या कामात ‘अजून चालेल’ हा शब्द होजसाठी वापरू नका.

ड्रम उघडलाच आहे तर दोन गोष्टी. पहिली, आतली धूळ फुंकू नका. तोंडाने नाही, कॉम्प्रेसरने तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. दुसरी, ओल दिसली तर ती कशाची ते ओळखा. मागच्या चाकात अॅक्सलचं सील गेलं की गिअर ऑइल लायनरवर येतं, आणि व्हील सिलेंडर गळला तर ब्रेक ऑइल येतं. वाटीत पाणी घ्या, एक थेंब टाका. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. गिअर ऑइल वर तरंगतं. व्हील सिलेंडरचं रबरी टोपण थोडं उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलेंडर गेलाच. आणि तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवायची पद्धत आपल्याकडे आहे. करू नका. गरम झाला की आतलं तेल परत वर येतं.

नवीन लायनर टाकूनही ब्रेक ढिला असेल तर ड्रम बघा. लेथवर दोन-तीनदा टर्निंग झालेल्या ड्रमचा घेर मोठा झालेला असतो, आणि नवीन लायनर त्याला फक्त मध्यावर टेकतो. लायनरवर खडूने रेघा मारा, चाक फिरवून हलका ब्रेक दाबा, उघडा. कुठे पुसलं ते दिसेल. जाणकार माणूस लायनर घासून ड्रमच्या गोलाईला बसवून देतो. ड्रमला टर्निंगची मर्यादा असते, त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात.

आता हवा काढणं. यावर तुम्ही पन्नास रील पाहिल्या असतील: एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने निप्पल उघडायचा. बरोबर आहे, फक्त जुन्या गाडीत एक गोष्ट रील सांगत नाहीत. पेडल तळापर्यंत मारू नका. मास्टर सिलेंडरचा पिस्टन एरवी पहिल्या अर्ध्या भागातच फिरत असतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला, तिथे गंज आणि गाळ. हवा काढताना तुम्ही पेडल तळाला नेता, नाजूक बकेट त्या गंजावरून घासत जाते आणि तिची कड फाटते. मग काय, काल ठीक असलेला मास्टर सिलेंडर आज बुडायला लागतो! पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, बस्स.

सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. टाकीतलं ऑइल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि सेटिंग आधी, हवा नंतर. लायनर लांब असताना हवा काढत बसलात तर पेडल कधीच वर येणार नाही आणि तुम्ही दोन डबे ऑइल वाया घालवाल.

ऑइल म्हटलं म्हणून. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नव्हे. कुणी इंजिन ऑइल टाकलं तर सगळे बकेट, वॉशर, होज फुगून बाद होतात. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. हे द्रव हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून उघडा डबा वर्षभर ठेवून वापरू नका. पाणी ओढलं की काय होतं? ताजं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांना उकळतं. पाणी शिरलेल्यासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळत नाही, नावावर जाऊ नका. आणि रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता. आजोबांच्या गाडीचा मूळ रंग घटकाभरात निघून येतो.

हे १४० अंश घाटात महत्त्वाचे. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवलात की ड्रम तापतो. दोन गोष्टी घडू शकतात. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही कमी होते, म्हणजे जास्त दाबून कमी ब्रेक. किंवा व्हील सिलेंडरमधलं पाणी शिरलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि पेडल एकदम तळाला. जळका वास आणि जड पाय ही पहिल्याची खूण. दुसरं काही खूण देत नाही. थंड झालं की पेडल परत येतं आणि माणूस म्हणतो, ‘अरे, ठीक तर आहे!’ ते ठीक नसतं. ऑइल बदलायचं.

म्हणून घाट उतरताना तोच गिअर, ज्यात तुम्ही तो घाट चढला असता. इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक थोडा वेळ घट्ट मारून सोडायचा, सतत घासत राहायचं नाही.

आणखी एक बघा. बॉनेट उघडून, किंवा गाडीप्रमाणे खाली वाकून, मास्टर सिलेंडर शोधा. त्याच्या आत एकच पिस्टन असेल आणि चारही चाकं एकाच लाइनवर असतील, तर एका चाकाचा होज फुटला की चारही ब्रेक जातात. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दोन वेगळ्या लाइन सक्तीच्या केल्या, ते याचसाठी. तुमच्या गाडीला दुसरी लाइन नसेल तर हँडब्रेक हाच दुसरा ब्रेक. तो उतारावर गाडी धरतो का, हे आठवड्यातून एकदा बघा.

काम झाल्यावर पहिली चाचणी रस्त्यावर नको. मोकळं मैदान, चालण्याच्या वेगाने, दहा-बारा ब्रेक. मग २० च्या वेगाने. सरळ थांबते का, स्टिअरिंग ओढतं का. परत येऊन चारही चाकांची धग बघा, खाली कागद अंथरून रात्रभर गाडी ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर चावी खिशातच ठेवा.

नाशिककरांचा नवा होज अजून यायचा आहे, त्यामुळे कसारा सध्या रद्द. तुमच्या गाडीचं पेडल या चारपैकी कोणत्या तऱ्हेचं आहे ते व्हॉइस मेसेजने कळवा. गाडीचं साल, मॉडेल आणि चाकं जाम करून केलेल्या परीक्षेचा निकाल, एवढं नक्की सांगा, म्हणजे अंदाजावर बोलावं लागणार नाही. पुढच्या भागात क्लच घेऊ. भेटूच.